नळीवरची पांढरी अक्षरं

बंदुकीवरची अक्षरं पुसायला अडीच मिनिटं लागतात. पुसेकरांनी घड्याळ लावून पाहिलं होतं, त्यामुळे हा आकडा खात्रीचा समजावा. पुसल्यानंतर जे काही होतं त्याला किती वेळ लागतो हे मात्र नक्की सांगता येत नाही, कारण ते अजून चालूच आहे.

पुसेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. ते इमारतीने बहाल केलेलं. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांनी उभी हयात कागदावर अक्षरं उमटवण्यात घालवली, आणि निवृत्त झाल्यावर जगातली बाकीची अक्षरं मिटवायला घेतली. फ्रिजवरचं कंपनीचं नाव गेलं. पंख्यावरचं गेलं. "वस्तू मी घेतली, पैसे मी मोजले, मग वर जाहिरातही मीच करायची? का म्हणून?" असा त्यांचा रोकडा सवाल असे आणि त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. टीव्हीच्या रिमोटवरचे आकडेही त्यांनी तत्त्व म्हणून पुसले होते. तेव्हापासून त्या घरात आवाज कमी करायचा म्हणजे तीन बटणं अंदाजाने दाबायची आणि चौथ्याला टीव्हीच बंद पडायचा. त्यांच्या बायकोने नवऱ्याच्या खोडींचे तीन वर्ग पाडले होते: खर्चिक, धोक्याच्या आणि नुसत्याच. ही तिने तिसऱ्या वर्गात टाकली होती. माणूस शहाणा असला तरी एखादा कागद चुकीच्या फायलीत जातोच.

बंदूक सासऱ्यांची. सासरे, म्हणजे घरातले अप्पा, अडतीस वर्षं खजिन्याच्या दारावर पहारेकरी होते. निवृत्त झाल्यावर त्यांना खांद्याला चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून पहाऱ्यावर असायची तशीच दुनळी बंदूक विकत घेतली आणि धाकट्या मुलीकडे राहायला येताना सोबत आणली. अप्पांच्या खोलीत एक पत्र्याचं कपाट होतं, त्यात ती उभी असे. ती कधी उडवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. परवान्यावर देखभालीसाठी दुसरं नाव पुसेकरांचं होतं, कारण नात्यात दुसरा इतका रिकामा पुरुष नव्हता.

आता अप्पांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं पुसेकरांचा निव्वळ आचरटपणा वाटेल. अप्पा जावयाशी बोलत नसत. भांडण नव्हतं, राग नव्हता. एकतीस वर्षांत बोलायचं कारणच पडलं नव्हतं, एवढंच. तोंडासमोर बसलेल्या जावयाबद्दल ते मुलीला म्हणायचे, "ह्यांना म्हणावं, पंखा जरा कमी करा." मुलगी म्हणायची, "अहो, पंखा." पुसेकर उठून पंखा कमी करायचे. "झाला म्हणावं," असं ते बायकोला सांगायचे. एकतीस वर्षं हा दरबार असा चालला होता. आपल्या आयुष्यात काहीच कमी नाही, असं पुसेकर सगळ्यांना सांगत. पण अप्पांनी एकदा, एकदाच, आपल्याकडे बघून "शाबास" म्हणावं, एवढी एक गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी रुतून होती.

आणि त्या आठवड्यात संधी चालून आली. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्यासाठी ते थोरल्या मुलीकडे आठ दिवस निघाले. निघताना दारात थांबून म्हणाले, "ह्यांना म्हणावं, बंदूक एकदा कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. शनिवारी परवान्यासाठी पोलीस ठाण्यात दाखवायची आहे."

एकतीस वर्षांत अप्पांनी जावयावर सोपवलेली ही पहिली कामगिरी. पुसेकरांची छाती दोन इंच फुगली. त्या फुगण्यात "कोरड्या" हा शब्द कुठल्या कुठे उडून गेला.

रविवारी दुपारी त्यांनी बंदूक बाहेर काढली. माणूस कारकून, त्यामुळे आधी नळी मोडून आत काही नाही याची खात्री केली. मग पुन्हा केली. तिसऱ्यांदा बायकोला दाखवून केली. मग उजेडात धरली. काळी, तुकतुकीत नळी. आणि तिच्यावर, ठळक, पांढऱ्या रंगात, कारखान्यातूनच छापून आलेली ओळ:

सावधान! भरलेली आहे असे समजूनच हाताळावी.

"काय ही शोभा!" पुसेकर म्हणाले. "सूट शिवून घ्यावा आणि त्याच्या पाठीवर 'ओला रंग' लिहावं, तसं झालं."

खालच्या अंगाला कोरलेला बारीक नंबर होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. नंबराला हात लावणं म्हणजे तुरुंग, एवढं त्यांना कळत होतं, आणि कोरलेल्या अक्षरांशी त्यांचं वैरही नव्हतं. वैर होतं ते वरून थापलेल्या रंगाशी. बायकोच्या खणातली नखांचा रंग काढायची बाटली घेतली, जुन्या गंजिफ्रॉकाचा तुकडा घेतला, घड्याळ लावलं.

इथे पहिली चमत्कारिक गोष्ट घडली. रंग विरघळतो तेव्हा त्याचा चिखल होतो, हे फ्रिजवर, पंख्यावर, सगळीकडे त्यांनी पाहिलं होतं. इथे चिखल झाला नाही. मास्तर वर्गात आले की पोरं उभी राहतात, तशी अक्षरं एका ओळीत उठली आणि जाऊन फडक्यावर बसली. अख्खी. काना, मात्रा, उद्गारचिन्ह, काही मोडलं नाही. फडक्यावर ती सुलटी वाचता येत होती.

"दर्जा बघा रंगाचा," पुसेकर बायकोला म्हणाले आणि फडकं ओट्याजवळच्या खिळ्याला वाळत टाकलं. बंदूक कपाटात गेली. आता ती कशी दिसत होती म्हणाल, तर कुणाचीच नसल्यासारखी.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो! कुकरवर काय लिहून ठेवलंत?"

"मी? मी पुसतो, लिहीत नाही."

"मग हे कोण लिहून गेलं?"

कुकरच्या पोटावर पांढऱ्या अक्षरांत होतं: सावधान! भरलेला आहे असे समजूनच हाताळावा.

पुसेकरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "तू कुकर त्या फडक्याने पुसलास का?"

"हाताला जे लागलं त्याने पुसला. पण अहो, बंदुकीवर 'भरलेली' होतं ना? इथे 'भरलेला' कसं?"

पाणीपुरवठा खात्यात पुसेकरांच्या हाताखाली चौदा कारकून होते आणि त्यातल्या एकालाही लिंगवचन धड येत नव्हतं. या रंगाला येत होतं. त्यांना आधी कौतुक वाटलं, मग कौतुक ओसरलं आणि मागे उरलं ते नेमकं काय, हे त्यांना सांगता येईना.

कुकर रिकामा होता. तरी बायकोने तो उचलताना हात लांब केले, मान बाजूला वळवली. त्याच क्षणी कुकरच्या आतून बारीक, कोरडा आवाज आला. खट्.

"ऐकलंत?" बायकोचा चेहरा उतरला. "पहारेकऱ्याची मुलगी आहे मी. बंदुकीचा घोडा चढवला की असा आवाज येतो."

"कुकरला घोडा नसतो," पुसेकर म्हणाले. पण म्हणाले ते ओट्यापासून चार हात लांब उभे राहून.

वरच्या मजल्यावर निवृत्त रसायनवाले प्रोफेसर राहत. त्यांना बोलावलं. प्रोफेसरांनी कुकर भिंगातून पाहिला, नाकाने हुंगला. सगळं आयुष्य आपण याच कुकरची वाट पाहत होतो असा चेहरा केला. "सोपं आहे. रंगाचा थर सैल झालाय, तो जागा शोधतोय. तुम्ही काय करा, त्याच फडक्याने उचला आणि कुठेही न टेकवता थेट कचऱ्यात टाका. ज्याने दिलं त्यालाच परत करावं, हा रसायनशास्त्राचा नियम आहे."

हा नियम रसायनशास्त्रात नाही. तो उसनवारीत आहे. पण पुसेकरांनी ऐकला. कुकर पुसला, ओळ फडक्यावर उठून बसली, कुकर पुन्हा गरीब कुकर झाला. फडकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते बाहेर पडले आणि दोन्ही हात गुंतले असल्यामुळे दार लोटायला त्यांनी कोपर वापरलं नाही. फडकं वापरलं.

मंगळवारी दारावर: सावधान! भरलेले आहे असे समजूनच हाताळावे.

आणि मंगळवारीच पुसेकरांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली, ती जास्त वाईट होती. ते आंघोळ करून बाहेर आले तर बायको दिवाणखान्यात स्टुलावर उभी राहून कोळिष्टकं काढत होती. बंदुकीने.

"अगं!"

"काय झालं? हलकी आहे हो, झाडूपेक्षा बरी पोचते कोपऱ्यात."

लहानपणापासून जिने वडलांना विचारल्याशिवाय त्या कपाटाकडे बोट दाखवलं नव्हतं, ती बाई दुनळीची मूठ छताकडे आणि तोंड स्वतःच्या पोटाकडे करून जाळी गोळा करत होती, आणि गुणगुणत होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली पुसेकरांच्या गळ्यात जानव्यासारखी अडकवलेली होती. बंदूक बाहेर कशी आली, हे तिला विचारलं तर म्हणाली, "इथेच होती की, छत्र्यांमध्ये."

पुसेकरांनी ती काढून घेतली, नळी मोडून पाहिली, आत काही नव्हतं. कपाटात ठेवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. चहा घेऊन परत आले तर ती चपलांच्या फळीवर आडवी पडली होती. आणि पुसेकरांना, खरं सांगायचं तर, तिची अजिबात भीती वाटत नव्हती. भीती वाटत नाही याची त्यांना क्षणभर भीती वाटली, मग तीही गेली. त्यांनी तिला चहाचा कप टेकवून ठेवला.

बुधवारपर्यंत वाक्य इमारतीत फिरायला लागलं. दारावरून ते पुसेकरांच्या रुमालावर आलं, रुमालावरून लिफ्टच्या दारावर. लिफ्ट सोसायटीची, म्हणजे सेक्रेटरींची. सेक्रेटरी हा एक नोटिशींवर जगणारा माणूस. त्यांनी लिफ्ट पुसून घेतली, तर ओळ सूचनाफलकाच्या काचेवर गेली. तिथून पुसली, तर आणखी कुठेतरी. वाक्य एकच होतं, पण ते आज कुठे असेल याचा नेम नव्हता, म्हणून लोक सगळ्याच वस्तू तशा हाताळायला लागले.

तुम्ही कधी अशी इमारत पाहिली आहे का, जिथे कुणी दार आपटत नाही? पुसेकर संध्याकाळी पाच वाजता जिन्यात उभे राहिले. एरवी या वेळेला पोरं दंगा करून जिना डोक्यावर घ्यायची. आता पोरं कठड्याला हात न लावता, पायऱ्यांच्या कडेकडेने, एकामागे एक उतरत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई घंटी वाजवायच्या आधी दाराच्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या. नळ सोडताना माणसं तोंड फिरवत. लग्नाला बावीस वर्षं झालेलं भांडखोर जोडपं एकमेकांशी "आपण" म्हणून बोलत होतं. सगळीकडे शिस्त, सगळीकडे शांतता, आणि त्या शांततेत मधूनच, कधी मीटरच्या पेटीतून, कधी भिंतीतून: खट्.

"इमारतीला वळण लागलं, हे मी नाकारत नाही," सेक्रेटरी म्हणाले. ते पुसेकरांकडे नोटीस घेऊन आले होते. "पण वळण लावायचा अधिकार समितीचा आहे. तुम्ही परवानगी न घेता मजकूर प्रसृत केलात."

"मी प्रसृत नाही केला. मी पुसला."

"पुसण्याचीही परवानगी लागते."

बोलता बोलता सेक्रेटरींना टेकायला काहीतरी हवं होतं. जवळ बंदूक उभी होती. त्यांनी ती ओढली, तिच्या तोंडावर हनुवटी टेकवली आणि नोटिशीतली कलमं वाचायला लागले. एक, दोन, तीन. पुसेकर आणि बायको हात जोडून ऐकत होते. चौथ्या कलमाला पुसेकरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आपण तिघंही वेडे झालो आहोत. या खोलीत माणूस पंख्याच्या बटणाला घाबरतो आणि दुनळीवर हनुवटी टेकतो. पुसलेली ओळ नुसती ओळ नव्हती. तिच्याबरोबर बंदुकीचा सगळा धाक उठून गेला होता, आणि तो आता कुकरमागे, दारामागे, लिफ्टमागे हिंडत होता. त्यांनी झडप घालून बंदूक खेचली. सेक्रेटरींनी याची पाचव्या कलमात नोंद केली.

गुरुवारी पुसेकर ठाण्यात गेले, एकटेच. शनिवारी काय लागेल ते आधी विचारून ठेवावं, ही त्यांची खात्यातली सवय. हवालदारांनी जाड नोंदवही उघडली, बोट फिरवलं.

"दुनळी. मालक अमुक. ओळखीची खूण: नळीवर पांढरी अक्षरे. मजकूर, 'सावधान, भरलेली आहे असे...'"

पुसेकर नोंदवहीवर वाकले. "आणि नंबर?"

"नंबर नाही लिहिलेला."

"अहो, पण नंबर कोरलेला आहे! ढळढळीत!"

"बारीक असतो साहेब तो. तेव्हा जे लिहायला होते, ते चष्मा घरी विसरले होते. जे दिसलं ते लिहिलं. तुमची अक्षरं आहेत ना जागेवर?"

"समजा," पुसेकर म्हणाले, "समजा नसली तर?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. माणूस शांत होता, समजावून सांगणाऱ्यांपैकी. "हे बघा. तुमच्याकडे नंबर असलेली एक बंदूक आहे, तिची आमच्याकडे नोंद नाही. आमच्याकडे अक्षरं असलेल्या एका बंदुकीची नोंद आहे, ती तुमच्याकडे नाही. म्हणजे एक बंदूक जास्त झाली आणि एक हरवली. दोन्ही गुन्हे वेगळे."

"पेंटरकडून लिहून आणतो."

"मग ती खाडाखोड. तिसरा गुन्हा. कारखान्याचीच पाहिजेत, साहेब. शनिवारी अक्षरं घेऊन या, नाहीतर बंदूक जमा करावी लागेल. आणि म्हातारबाबांना जबाबासाठी थोडा वेळ बसवावं लागेल. थोडा म्हणजे, आमचा थोडा."

ऑपरेशन होऊन चार दिवस झालेला, डोळ्यांना काळा चष्मा लावलेला म्हातारा ठाण्याच्या बाकावर बसलाय, ज्याने अडतीस वर्षं दुसऱ्यांना दारात अडवलं त्यालाच आता अडवून ठेवलंय, हे चित्र पुसेकर घरापर्यंत बघत गेले. "शाबास" आता राहिलंच. अप्पा आता मुलीमार्फतसुद्धा बोलणार नाहीत.

शुक्रवारी अप्पा येणार होते. सकाळपासून पुसेकर त्या ओळीच्या शोधात निघाले. सूचनाफलकावर नव्हती. मीटरच्या पेटीवर नव्हती. प्रोफेसरांनी सांगितलं, सेक्रेटरींनी फलक आपल्या रुमालाने पुसला आणि मग गच्चीत पाण्याची पातळी पाहायला गेले होते. मग पुसेकरांना उलगडलं, सकाळपासून इमारतीला पाणी का नाही. प्लंबर दोनदा गच्चीत जाऊन, काहीतरी वाचून, चोरपावलांनी उतरून निघून गेला होता.

भर दुपारी गच्चीत टाकी उभी होती, आणि तिच्या पोटावर ती ओळ. टाकी मोठी म्हणून अक्षरंही वाढली होती, हात-हातभर. पुसेकरांनी जन्म पाणीपुरवठ्यात काढला, आणि पाण्याच्या टाकीला ते आजवर कधी बिचकले नव्हते. ते बाजूने गेले. समोरून जायची छाती झाली नाही. बायकोने धुऊन ठेवलेलं मूळ फडकं, तोच गंजिफ्रॉकाचा तुकडा, त्यांनी टाकीला लावला. ओळ आखडत आखडत उठली, फडक्याएवढी झाली, जाऊन बसली. आणि जाता जाता टाकीच्या आतून आवाज आला. हा खट् नव्हता. सहा हजार लिटरचा, लांबलेला, पाण्यातून घुमत वर येणारा खटाक् होता. खाली एकेका मजल्यावर दारं बोटभर उघडल्याचं त्यांना ऐकू आलं.

फडकं हातभर लांब धरून ते पाच मजले उतरले. लिफ्ट नको, कठडा नको, कशालाही स्पर्श नको. फटींमधून डोळे पाहत होते. घामाच्या धारा लागल्या होत्या. घरात पाऊल टाकताच ओरडले, "बंदूक! टेबलावर ठेव! लवकर!"

बायकोने बंदूक आणून टेबलावर आडवी ठेवली. पुसेकर पुढे झाले. फडकं नळीवर टेकायला एक वीतभर अंतर उरलं असेल. घाम डोळ्यांत उतरला, झोंबला, काही दिसेना. आणि उकाड्यात पाच मजले उतरून आलेला कुठलाही माणूस हातात फडकं असताना जे करेल, तेच त्यांनी केलं.

कपाळ पुसलं.

डोळे उघडले तर फडकं कोरं होतं. बायको समोर उभी होती, तोंड उघडं. मग ती एक पाऊल डावीकडे सरकली. त्यांच्या समोरून.

"काय झालं?"

"काही नाही," बायको अगदी हळू म्हणाली. "तुम्ही जरा... हलू नका हं."

पुसेकरांना आवाज या वेळी कानांनी ऐकू आला नाही. तो दोन्ही कानांच्या मधोमध झाला.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. थोरल्या मुलीच्या गाडीने अप्पांना दारात सोडलं होतं. काळा चष्मा, हातात काठी, आणि आत येताच पहिला प्रश्न, "झाली का पुसून?"

बायकोने टेबलाकडे नेलं. डोळे अजून बरे दिसत नव्हते, म्हणून अप्पांनी अंगठा नळीवरून फिरवला. खालपासून वर. वरपासून खाली. अंगठा थांबला.

"अक्षरं कुठे आहेत?"

बायकोने सांगितलं. कुकरपासून टाकीपर्यंत, ठाण्यासकट, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "आणि आता अप्पा, ह्यांच्या कपाळावर आहेत."

अप्पा काठी टेकत आले. समोरून नाही, बाजूने. अंगठा पुसेकरांच्या कपाळावर ठेवला आणि डावीकडून उजवीकडे सावकाश वाचत गेले. शेवटच्या पूर्णविरामावर अंगठा टेकला, आणि त्यांनी तो हळूच उचलून घेतला.

उघड्या दारातून प्रोफेसर टर्पेंटाईनची बाटली घेऊन आत आले. "चिंता नको! एका मिनिटात काढतो. फक्त कुणीतरी फडकं धरा."

"मी धरते," बायको म्हणाली. मघाशी जी समोरून सरकली होती, ती आता सरळ समोर आली, हातात स्वतःचा रुमाल. "या, अहो. खाली वाका जरा. तुमचं जाऊ दे एकदाचं."

पुसेकरांनी आयुष्यात एकही अक्षर शिल्लक ठेवलं नव्हतं. आता त्यांना फक्त वाकायचं होतं. त्यांनी त्या रुमालाकडे पाहिलं आणि तो रुमाल उद्या कुठे असेल ते त्यांना दिसलं. तो तिच्या हातात असेल, मग तिच्या तोंडाशी. पाच दिवस त्यांनी एकेक वस्तू सोडवली होती ती दुसरीच्या गळ्यात घालून.

"नको," ते म्हणाले.

"अहो, काय नको?"

"राहू दे. ते पुसलं की पुढे जातं. इथे आहे तर इथे राहू दे. मी नाही पुसणार."

प्रोफेसरांनी बाटलीला बूच लावलं. अप्पांनी काळ्या चष्म्याआडून त्या आवाजाच्या दिशेला पाहिलं, आणि मग, मुलीकडे न वळता, सरळ म्हणाले:

"जावईबापू, बसा. भिंतीकडे तोंड करून."

पुसेकर बसले. एकतीस वर्षांनी पहिलं वाक्य मिळालं होतं. तोंड कुठल्या दिशेला करायचं हा तपशील होता.

शनिवारी तिघं ठाण्यात गेले. बसमध्ये पुसेकरांच्या समोरचं बाक मोकळं राहिलं आणि मागच्या बाकावर लोक दाटीवाटीने उभे राहिले. हवालदारांनी बंदूक घेतली, काठीसारखी फिरवली, तिच्या टोकाने पाठ खाजवली. अप्पांनी ती त्यांच्या हातातून हळूच सोडवून टेबलावर ठेवली.

"अक्षरं?"

पुसेकरांनी टोपी काढली.

हवालदार खुर्चीसकट बाजूला सरकले. मग तिरक्या मानेने नोंदवहीशी शब्द न् शब्द ताडून पाहिला. "मजकूर तोच. रंग तोच. 'भरलेली'च्या जागी 'भरलेला' आहे, पण तो फरक स्वाभाविक धरता येईल." त्यांनी लिहिलं: अक्षरे आढळली. ठिकाण: जावई. "आता असं आहे बाबा, की पुढच्या नूतनीकरणाला दोन्ही नग एकत्र आणावे लागतील. दोन्ही कोरडे ठेवायचे. दोन्ही मुलांच्या हाताला लागता कामा नयेत."

अप्पांनी बंदुकीवर हात ठेवला. तिच्यासारखीच दुसरी अडतीस वर्षं त्यांच्या खांद्यावर होती. म्हातारा आता काय करतो ते पाहायला पुसेकरांनी मान वळवली, आणि हवालदार आणखी थोडे सरकले.

"ही तुम्हीच ठेवा जमा करून," अप्पा म्हणाले. "कुलुपात ठेवा, आणि कुणाला पाठ खाजवायला देऊ नका. दोन दोन सांभाळायचं माझं वय नाही. मी यांना नेतो."

आणि सही करून त्यांनी जावयाला घरी नेलं.

आता पुसेकर दिवाणखान्यात, भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्चीत बसतात. अप्पांची खुर्ची त्यांच्या शेजारी असते, कधीच समोर नाही. ज्याने जन्मभर असल्या गोष्टीच सांभाळल्या, त्याला त्यांच्याजवळ बसायची रीत ठाऊक असते. रोज सकाळी अप्पा कोरडं फडकं घेऊन अक्षरांच्या कडेकडेने जावयाचं कपाळ टिपतात आणि पंखा कमी-जास्त करायचं काय ते थेट त्यांनाच विचारतात.

परवा दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. ओळख करून घ्यायला वर आले, कपाळ वाचलं आणि उंबरठ्यातच थबकले.

"या, या," अप्पा म्हणाले आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. चांगला आहे. एकतीस वर्षं घरात आहे, एकदाही उडालेला नाही."

पुसेकरांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ते मनापासून हसणार होते.

"अहो," आतून बायको म्हणाली, "हळू."